ब्रेक्झिट : मतं बदलली की मतदार बदलले?

ब्रिटनला ब्रेक्झिटचा पस्तावा होतोय, अशी बातमी वर्षातून दोन-चारदा तरी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत येते. सोबत एखादा आकडा असतो. यूगव्ह या सर्वेक्षण कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये विचारलं तेव्हा ५५ टक्के लोक म्हणाले की युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल चुकीचा होता. बरोबर होता म्हणणारे ३० टक्केच उरले होते. आकडे खरे आहेत, कुणी मुद्दाम फुगवलेले नाहीत. तरीही त्यांवरून ‘लोकांचं मन बदललं’ असं म्हणणं घाईचं आहे. या बदलाचा मोठा भाग मन बदलण्यातून आलेलाच नाही, मतदार बदलल्यामुळे आला आहे. आणि ज्यांचं मन खरोखर बदललं, त्यांतही ‘जायलाच नको होतं’ म्हणणारे आणि ‘गेलो ते ठीक, पण धड गेलो नाही’ म्हणणारे असे दोन वेगळे गट आहेत. हा गुंता नीट सोडवला नाही तर ब्रिटनच्या पुढच्या राजकारणाचा अर्थच लागत नाही.

आधी मूळ कौल. २३ जून २०१६ रोजी लोकांपुढे एकच प्रश्न होता: युरोपीय महासंघात राहायचं की बाहेर पडायचं? बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मतं पडली, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. मतांमध्ये सांगायचं तर १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख, म्हणजे फरक सुमारे १२ लाख ७० हजारांचा. इंग्लंड आणि वेल्सने बाहेरची वाट निवडली. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के लोकांना आत राहायचं होतं. मतदान ७२ टक्के झालं. तिथल्या मानाने ते भरघोसच, पण यादीत नाव असूनही मत न दिलेले लोक सव्वा कोटीहून जास्त होते, म्हणजे जिंकण्या-हरण्यातल्या फरकाच्या दहापट. हे सव्वा कोटी लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

मराठी माणसाला सार्वमत ठाऊक आहे ते गोव्यामुळे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांना विचारलं गेलं: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. सुमारे ३४ हजार मतांनी दोन पानं जिंकली आणि तो प्रश्न पुन्हा कधी मतपेटीत गेला नाही. त्यानंतर गोव्यात महिन्या-महिन्याला घरोघरी जाऊन ‘आता तुम्हाला काय वाटतं?’ असं कुणी विचारत बसलं नाही. ब्रिटनमध्ये मात्र लोकांना असं पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, आणि म्हणूनच आपल्याला आज या विषयावर काहीतरी ठामपणे बोलता येतं.

मोजतात कसं?

यूगव्हने सार्वमतानंतर दीड महिन्यातच, ऑगस्ट २०१६ पासून, एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. मागे वळून पाहता, बाहेर पडण्याचा कौल बरोबर होता की चूक? हाच प्रश्न, याच शब्दांत, वर्षानुवर्षं. जनमत चाचण्यांकडे बघताना ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. एका चाचणीत हजार ते दोन हजार लोक असतात, तिच्यात दोन-तीन टक्क्यांची चूक सहज राहू शकते. २०१६ मध्ये मतदानापूर्वीच्या शेवटच्या चाचण्यांपैकी बऱ्याच चाचण्या ‘राहणार’ असंच सांगत होत्या, आणि त्या खोट्या ठरल्या. त्यामुळे एखाद्या चाचणीवर विश्वास टाकू नये. पण तोच प्रश्न शेकडो वेळा विचारल्यावर जी रेघ उमटते, ती सहसा दिशा चुकत नाही.

ती रेघ काय सांगते? सुरुवातीला ४६ टक्के लोक ‘बरोबर’ म्हणत होते, ४२ टक्के ‘चूक’. २०१७ च्या मध्यावर दोन्ही बाजू बरोबरीत आल्या, मग ‘चूक’ थोडी पुढे गेली आणि तीन वर्षं थोडीच पुढे राहिली. २०२१ च्या सुरुवातीला लसीकरणात ब्रिटन युरोपच्या पुढे निघाला तेव्हा अंतर जवळजवळ मिटलं. त्यानंतर मात्र ते वाढतच गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चूक’ ५६ आणि ‘बरोबर’ ३२ झालं, आणि त्यानंतर रेघ साधारण तिथेच स्थिरावली.

म्हणजे ज्याला आपण पस्तावा म्हणतो तो हळूहळू साचलेला आहे. एखाद्या मोठ्या प्रसंगाने सगळ्यांचे डोळे उघडले, असं झालेलं नाही. २०१६ ते २०२० ही चार वर्षं आठवा. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा महासंघाशी बाहेर पडण्याबाबतचा करार जानेवारी २०१९ मध्ये संसदेने २३० मतांनी फेटाळला, पंतप्रधान बदलले, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, रोज नवा गोंधळ. तरी सर्वेक्षणातली रेघ थोडीच हलली. लोक आपापल्या बाजूला घट्ट चिकटून होते. तेव्हाचे राजकीय विश्लेषक सांगत की ब्रिटिश माणसाला आता हुजूर पक्षाचा की मजूर पक्षाचा यापेक्षा ‘राहा’वाला की ‘जा’वाला ही ओळख जास्त जवळची झाली आहे. मतं तशी सहज बदलतात, ओळख बदलत नाही.

मग आकडे हलले कसे?

इथे एक गणित करून पाहू. ते ढोबळ आहे, पण उलगडा करणारं आहे. सार्वमतानंतरच्या सर्वेक्षणांत वयाचा फरक फार मोठा दिसला. ६५ च्या वरच्या मतदारांपैकी १०० तले साठेक ‘बाहेर’ म्हणाले, १८ ते २४ वयाच्या मतदारांपैकी सत्तरहून जास्त ‘आत’ म्हणाले. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे ६ लाख माणसं मरण पावतात, त्यांतली बहुतेक वयस्कर. समजा त्यांतल्या साडेचार लाखांनी २०१६ मध्ये मत दिलं होतं, तर ६०–४० च्या हिशेबाने ‘बाहेर’ची आघाडी वर्षाला ९० हजारांनी घटते. दुसरीकडे वर्षाला साधारण ७ लाख मुलंमुली अठरा वर्षांची होतात. त्यांतली निम्मीच मत देतील असं धरू आणि त्यांच्यात ७५–२५ असा कल मानू, तर ‘आत’च्या पारड्यात वर्षाला पावणेदोन लाख पडतात. दोन्ही मिळून अडीच लाखांहून जास्त. १२ लाख ७० हजारांची आघाडी पाच वर्षांत संपते. एकाही माणसाने आपलं मत न बदलता.

या गणिताने मी पहिल्यांदा अस्वस्थ झालो, आणि अजूनही होतो. कारण त्याचा अर्थ असा की २०१६ च्या कौलाचे परिणाम ज्यांना सगळ्यांत जास्त वर्षं भोगायचे आहेत, त्यांच्यातल्या लाखोंना तेव्हा मतच नव्हतं. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज कुठल्याही युरोपीय देशात परवान्याशिवाय नोकरी करण्याचा हक्क गमावून बसलं आहे, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तरी या गणितावर फार विसंबू नये, आणि त्याचं कारणही ब्रिटनच्याच इतिहासात आहे. ब्रिटन तेव्हाच्या युरोपीय समुदायात १ जानेवारी १९७३ ला गेला आणि ५ जून १९७५ रोजी त्यावर पहिलं सार्वमत झालं. त्या वेळी ६७ टक्के लोकांनी ‘राहू’ असं सांगितलं होतं. १९७५ मध्ये १८ वर्षांचा असलेला मतदार २०१६ मध्ये ५९ वर्षांचा होता, म्हणजे ‘बाहेर’कडे झुकलेल्या वयोगटात. माणसं वयाबरोबर सरकतात. आजचे तरुण युरोपप्रेमी आहेत म्हणून चाळीस वर्षांनी ते तसेच राहतील, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

पिढी बदलणं हा आकडे हलवणारा पहिला प्रवाह झाला. दुसरा प्रवाह त्या सव्वा कोटींचा. सार्वमताच्या दिवशी घरी बसलेल्यांना नंतर विचारलं तर त्यांच्यात ‘चूक झाली’ म्हणणारे मोठ्या फरकाने जास्त निघतात. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक जॉन कर्टिस, ज्यांचा चेहरा निवडणुकीच्या रात्री बीबीसीवर हमखास दिसतो, त्यांनी हे वारंवार दाखवून दिलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत रेघ ‘चूक’कडे सरकली, त्यात मन बदललेल्यांपेक्षा या मतदानाला न गेलेल्या मतदारांचाच वाटा मोठा होता. अर्थात सर्वेक्षणात मत सांगणं सोपं आहे. हीच माणसं पुन्हा सार्वमत झालं तर केंद्रावर जातील का, हे वेगळंच.

तिसरा प्रवाह खरोखर मन बदललेल्यांचा. ‘बाहेर’ला मत दिलेल्यांपैकी आज पाच-सहा जणांत एक जण ‘चूक झाली’ म्हणतो. ‘आत’ला मत देऊन आता ‘बरं झालं बाहेर पडलो’ म्हणणारे त्याहून बरेच कमी आहेत. यांतला बहुतेक बदल २०२१ नंतरचा. म्हणजे पाचातले चार अजूनही ठाम आहेत किंवा ‘सांगता येत नाही’ म्हणतात. ‘ब्रिटन पस्तावला’ या मथळ्यात हे चौघं कुठेच दिसत नाहीत.

आणि ‘जनता’ कोण?

या सार्वमताला आपल्या भागातला एक धागा आहे, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. मतदारयादी संसदेच्या निवडणुकीचीच वापरली गेली. त्या नियमानुसार ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं. म्हणजे पुण्याहून नोकरीसाठी लंडनजवळच्या स्लाऊला गेलेला, खिशात भारतीय पासपोर्ट असलेला इंजिनिअर ब्रिटनने युरोपात राहावं की नाही यावर मत देऊ शकत होता. (स्लाऊत ५४ टक्के ‘बाहेर’ म्हणाले.) आणि सासष्टीतला एखादा गोंयकार, ज्याच्या आईवडिलांचा जन्म १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज गोव्यातला, ज्याने त्या आधारावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि युरोपीय नागरिक म्हणून स्विंडनमध्ये किंवा साउथॉलमध्ये येऊन संसार थाटला, त्याला मत नव्हतं. ज्याचं तिथलं राहणंच या निकालावर अवलंबून होतं, तो यादीबाहेर.

स्विंडनमध्ये गोवेकरांची वस्ती मोठी आहे. त्या शहराने जवळपास ५५ टक्क्यांनी ‘बाहेर’चा कौल दिला. पुढे सरकारने आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांसाठी कायम वास्तव्याची योजना आणली, तिच्यासाठी अर्जाची मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती. त्याआधी, ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये पाऊल ठेवावं म्हणून गोव्यातून किती घरांत धावपळ झाली, हे दक्षिण गोव्यात कुणालाही विचारा. सार्वमताच्या वेळी असे युरोपीय नागरिक ब्रिटनमध्ये सुमारे ३० लाख होते. विजयाचा फरक १२ लाख ७० हजार होता, हे पुन्हा सांगतो.

‘चूक’ या शब्दात दोन तक्रारी

२०२१ नंतर मन बदललेल्यांनी ते का बदललं? पहिलं कारण पैशाचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई ११.१ टक्क्यांवर गेली, चाळीस वर्षांत एवढी नव्हती. त्याच सुमारास तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या अर्थसंकल्पाने बाजार कोसळला आणि त्या दीड महिन्यात गेल्या. ‘चूक’ म्हणणारे ५६ टक्क्यांवर गेले तेही त्याच शरद ऋतूत, हा योगायोग नाही. महागाईची मुख्य कारणं युक्रेनचं युद्ध आणि कोविडचे परिणाम ही होती, पण लोकांचा राग खातेवाटप करून येत नाही. सरकारवरचा राग सरकारच्या सगळ्यांत मोठ्या कामावरही पडला.

ब्रेक्झिटचा स्वतःचा आर्थिक फटकाही आहेच. ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर लक्ष ठेवणारी स्वायत्त संस्था वर्षानुवर्षं असं धरून चालली आहे की महासंघात राहिलो असतो त्या मानाने देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. छोट्या व्यापाऱ्याला मात्र अंदाजाची गरज नाही. युरोपात मांस किंवा मासळी पाठवायची तर प्रत्येक मालासोबत आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठीचा वेळ आणि पैसा तो दर खेपेला मोजतो.

दुसरी तक्रार अगदी वेगळी, जवळजवळ उलट्या दिशेची. ‘बाहेर’ला मत देणाऱ्या पुष्कळांना परदेशातून येणाऱ्यांची संख्या कमी व्हायला हवी होती. झालं भलतंच. युरोपातून येणारे घटले, पण नव्या व्हिसा नियमांमुळे बाहेरच्या जगातून येणारे इतके वाढले, की २०२३ मध्ये वर्षभरातली निव्वळ भर ९ लाखांच्या वर गेली. त्यात परिचारिका आणि काळजीवाहक होते, आणि शिक्षणानंतर दोन वर्षं काम करण्याची मुभा २०२१ मध्ये परत सुरू झाल्यावर गेलेले आपल्याकडचे विद्यार्थीही होते. मुंबई-पुण्यातून मास्टर्ससाठी लंडन, लेस्टर, कॉव्हेंट्रीला गेलेली किती मुलं तुमच्या ओळखीत आहेत, मोजून पाहा. विद्यार्थी व्हिसांमध्ये भारताने चीनला मागे टाकलं ते याच काळात. नंतर नियम आवळले आणि आकडा झपाट्याने खाली आला. पण ‘आपल्याला फसवलं’ ही भावना राहिली.

असा मतदार सर्वेक्षणात ‘ब्रेक्झिट अयशस्वी’ या चौकटीवर खूण करतो. नायजेल फराज, ज्यांनी आयुष्यभर ब्रेक्झिटसाठी लढा दिला, त्यांनी स्वतः मे २०२३ मध्ये बीबीसीवर ब्रेक्झिट अपयशी ठरलं असं सांगितलं. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा की राज्यकर्त्यांनी ते पूर्ण केलं नाही. अशा उत्तराला युरोपप्रेमाचा पुरावा मानणं ही मोठी गफलत आहे. मला वाटतं, या विषयावरच्या बातम्यांत हीच गफलत सगळ्यांत जास्त होते.

परत जायचं का?

हा प्रश्न सरळ विचारला तर ५५ टक्क्यांच्या आसपास लोक ‘हो’ म्हणतात. पण अटी जोडून विचारला की पाठिंबा चाळिशीच्या खाली घसरतो. कारण ब्रिटन जो महासंघ सोडून गेला, त्याच जागेवर परत बसता येणार नाही. आत असताना त्याला खास सवलती होत्या: पौंड ठेवण्याची मुभा, सीमाविरहित शेंगेन क्षेत्राबाहेर राहण्याची मुभा, आणि मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट. नव्याने येणाऱ्या देशाला यांतलं काही हक्काने मिळत नाही. युरो स्वीकारण्याचं वचन द्यावं लागतं आणि सर्व २७ देशांनी होकार द्यावा लागतो. (वचन पाळण्याची घाई नसते हेही खरं. स्वीडन १९९५ पासून सदस्य आहे आणि आजही क्रोना वापरतो.) लंडनच्या रस्त्यावर युरोपचा झेंडा घेऊन चालणाऱ्यांतल्याही किती जणांना पौंड सोडवेल?

शिवाय कंटाळा. २०१९ मध्ये देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता, असं विचारलं की बहुसंख्य लोक ब्रेक्झिट म्हणत. आता अर्थव्यवस्था, स्थलांतर, आरोग्यसेवा ही नावं आधी येतात. मत बदललेला माणूसही त्या मतासाठी पुन्हा चार वर्षं भांडायला तयार असेलच असं नाही.

म्हणूनच ५५ टक्के ‘चूक’ म्हणत असताना जुलै २०२४ मध्ये प्रचंड बहुमताने आलेल्या मजूर पक्षाने मात्र एकल बाजार (महासंघाची सामायिक बाजारपेठ) नाही, सीमाशुल्क संघ (बाहेरच्या मालावर सगळ्यांचं एकच सीमाशुल्क) नाही, माणसांची मुक्त ये-जा नाही, असं आधीच जाहीर करून टाकलं. त्या सरकारचे पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी मे २०२५ मध्ये युरोपशी समझोता केला तो खाद्यपदार्थांवरच्या तपासण्या कमी करणं, मासेमारी, तरुणांसाठी मर्यादित व्हिसा योजना अशा तुकड्यातुकड्यांचा. त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत सर्वाधिक जागा मिळाल्या त्या फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला. हे विसंगत वाटतं, पण तिथल्या निवडणूक पद्धतीत आपल्यासारखंच सर्वाधिक मतांचा उमेदवार जिंकतो. ‘बरोबर होतं’ म्हणणारे ३० टक्के बरेचसे एका-दोन पक्षांत एकवटले आहेत. ‘चूक’ म्हणणारे मजूर, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन, स्कॉटिश राष्ट्रवादी असे विखुरले आहेत. मजूर पक्षाला उत्तर इंग्लंडमधल्या त्या मतदारसंघांचीही धास्ती आहे, जे ‘बाहेर’वाले आहेत आणि जे २०१९ मध्ये त्याच्या हातून गेले होते.

पुढची सार्वत्रिक निवडणूक उशिरात उशिरा ऑगस्ट २०२९ मध्ये व्हायची आहे. तिच्यासाठी मतदानाचं वय सोळावर आणण्याचा बेत सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. तो अमलात आला तर सार्वमताच्या वेळी तीन वर्षांची असलेली मुलं त्या दिवशी मतदान करतील. महासंघात असणं म्हणजे काय, याची त्यांना आठवणच नसेल. बाहेर पडणं बरोबर होतं की चूक, हा त्यांच्यासाठी आजी-आजोबांचा वाद असेल. त्यांना विचारावं लागेल ते अगदी निराळं: आहे त्या अटींवर, युरोसकट, आत जायचं का? या प्रश्नावर वर्षानुवर्षांची रेघ अजून तयार व्हायची आहे.